वेशभूषा भाड्याने आणण्याआधी एक प्रश्न : "कशावरून?"



शिवजयंती, स्नेहसंमेलन, थोर पुरुषांच्या जयंत्या जवळ आल्या की आपल्या सगळ्यांची एकच धावपळ सुरू होते. "बाई, ड्रेस कुठे मिळेल?" मग कुणीतरी दापोलीला जातं, दोन-तीनशे रुपये भाडं देऊन चकचकीत सॅटिनचा पोशाख आणतं, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पोशाख परत. मीही बरीच वर्षं हेच केलं. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. पण एकदा चूक माझ्याच पदरात पडली, म्हणून हा लेख.

आमचं मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. १८ एप्रिल ही त्यांची जयंती. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुनर्विवाह केला आणि याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हा प्रसंग मुलांनी करून दाखवावा म्हणून मी छोटी नाटिका बसवली. त्या काळातल्या विधवा दाखवायला तीन मुलींना पांढऱ्या साड्या नेसवल्या. सिनेमात तशाच बघितल्या होत्या ना! नाटिका छान झाली, टाळ्याही पडल्या. नंतर एका विद्यार्थिनीची पणजी मला जवळ बोलावून म्हणाली, "बाई, पांढरं नव्हतं हो आपल्याकडे. तांबडं आलवण असायचं. माझ्या आत्तेसासूला मी बघितलंय ना!"

मी गप्प झाले. घरी येऊन पुस्तकं काढली, जुन्या माणसांना विचारलं. आजींचं खरं होतं. आपल्याकडच्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवा लाल रंगाचं, बिनकाठाचं जाडंभरडं लुगडं नेसत. अंगात चोळी नाही, डोक्यावरून पदर. म्हणजे ज्या गावात हा इतिहास घडला, त्याच गावात मी मुलांना दुसऱ्या प्रांताचा इतिहास नेसवला होता.

तुम्ही म्हणाल, "अहो, रंगाने एवढं काय बिघडतं? लहान मुलं आहेत." मला वाटतं, बिघडतं. लहान मूल धडा विसरतं, पण स्वतः अंगावर घातलेलं विसरत नाही. आणि ते आलवण का नेसावं लागे, हा प्रश्न कळला तरच कर्व्यांनी केलं ते किती अवघड होतं हे कळतं. नुसतं "विधवांसाठी कार्य केले" हे वाक्य पाठ करून ते कळत नाही.

पुढच्या वर्षी मी एक जुनं सुती लुगडं बाजारातला रंग आणून रंगवलं. तेव्हा दुसरीच अडचण आली. एक आई म्हणाली, "बाई, माझ्या मुलीला ते नेसवू नका. बरं नाही वाटत." मी आग्रह केला नाही. पालकांच्या मनाविरुद्ध मुलांना काही नेसवू नये, असं माझं मत आहे. ते लुगडं आम्ही टेबलावर घडी करून ठेवलं आणि मुलांना हात लावून बघायला सांगितलं. मुलांना मी एवढंच विचारलं, "नुसत्या कापडाची आज भीती वाटते, तर जन्मभर नेसणारीला काय वाटत असेल?" वर्ग शांत झाला. त्या दिवशी मला धडा शिकवावा लागला नाही.

तेव्हापासून आमच्या वर्गात वेशभूषेआधी तीन प्रश्न विचारतो : हा पोशाख कोणाचा? कधीचा? आणि कशावरून? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॅलेंडरवरचं चित्र हा पुरावा नव्हे. राजा रविवर्म्यांची चित्रं कितीही सुंदर असली, तरी ती चित्रकाराच्या मनातली आहेत. पुरावा म्हणजे आजीच्या ट्रंकेतलं लुगडं, घरातला जुना फोटो, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वस्तू. सहल तिकडे गेली तर मुलांना कपड्यांपुढे पाच मिनिटं जास्त उभं करा.

यात गणित आणि भाषाही येते. एक वार म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. मग नऊवारी किती मीटर? मुलांनी व्हरांड्यात लुगडं पसरून मोजलं, सव्वाआठ मीटरच्या आसपास! बाराबंदीला बाराबंदी का म्हणतात? तिला बारा बंद असतात म्हणून. आमच्या भाड्याच्या बाराबंदीला एकही बंद नव्हता, मागे वेल्क्रो होतं. ते एका चौथीच्या मुलाने शोधून काढलं.

मग एका विद्यार्थ्याच्या आईने, त्या शिवणकाम करतात, जुने फोटो बघून, दोनदा उसवून, सुती कापडाच्या बंदांच्या बाराबंद्या शिवून दिल्या. आज आजूबाजूच्या शाळाही त्यांच्याकडे शिवायला टाकतात. पण पालकहो, इथे एक सांगायचंय. "साध्या सुती बंडीला एवढे पैसे?" असं म्हणून घासाघीस करू नका. त्यांनी नुसती शिलाई केलेली नाही, शोधही घेतलाय. त्याचीही मजुरी असते.

कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कपड्यांचा अभ्यास हे किती मोठं काम असू शकतं, हे मुलींना आणि मुलांनाही सांगा.

सगळं अगदी तंतोतंत हवं असा माझा हट्ट नाही. पहिलीच्या मुलीला शिवलेली, इलॅस्टिकची नऊवारीच बरी, नाहीतर स्टेजवर पंचाईत! फक्त तिला सांगा, "पणजी अशी नेसत नव्हती, ती आठ मीटर कापड स्वतः नेसायची."

माझी सूचना साधी आहे. दरवर्षी भाड्यावर जाणाऱ्या पैशांतून प्रत्येक शाळेने एक पेटी करावी. वर्षाला दोनच पोशाख, पण पुराव्याने शिवलेले, गावातल्याच शिवणाऱ्या बायकांकडून. प्रत्येकाला एक चिठ्ठी जोडावी : कोणाचा, कधीचा, कशावरून. पाच वर्षांत दहा पोशाखांचं छोटं संग्रहालयच होईल.

आणि हो, सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करा. आमच्या त्या पणजी आता नाहीत. त्यांना अजून बरंच विचारायचं राहून गेलं.