सर्टिफिकेट भिंतीला लावायचं की धंद्याला?



कोल्हापुरातले शेतकरी नेहमी विचारतात, "ग्लोबल गॅप काढलं की दर जास्त मिळेल का?" माझं सरळ मत: नुसत्या कागदाला कोणी जादा पैसे देत नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाचंच बघा. 2014 मध्ये जीआय मिळालं, नावाला संरक्षण आलं. पण सौद्यात व्यापारी आजही आधी रंग आणि कणीच बघतो.

मग सर्टिफिकेट कशाला? तर ते म्हणजे दारातून आत जायचा पास. गॅप म्हणजे शेतीच्या चांगल्या पद्धती. युरोपातल्या दुकानदारांनी 1997 मध्ये 'युरेपगॅप' या नावानं हे नियम सुरू केले, 2007 मध्ये त्याचं 'ग्लोबल गॅप' झालं. तिथल्या मोठ्या दुकानांत माल द्यायचा असेल, तर हा पास बहुतेक लागतोच. पण शेजारच्या बाजार समितीतच माल घालायचा असेल, तर खर्च वसूल कुठून करणार?

आणि पास मिळाला म्हणजे सुटलो, असंही नाही. 2010 आठवतंय? आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं सीसीसी, युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं! फटका निर्यातदारालाही बसला आणि बागायतदारालाही.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा.

पहिलं, गिऱ्हाईक. त्याला कोणतं सर्टिफिकेट लागतं, कोणत्या औषधाचा अंश किती चालतो, हे विचारा. शक्यतो लेखी घ्या.

दुसरं, वही. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं आणि काढणी किती दिवसांनी केली, हे आजपासून लिहा. यासाठी शंभर रुपयेही लागत नाहीत. ऑडिटच्या आदल्या रात्री बसून भरलेली वही कामाची नाही.

तिसरं, गट. एकट्याला ऑडिटची फी जड जाते, गटात ती वाटली जाते. पण माणसं पारखून घ्या, कारण एकाचं चुकलं तर सगळ्या गटाचं सर्टिफिकेट अडचणीत येतं.

फी सगळ्यात शेवटी भरायची. आपल्याकडं बरेच जण नेमकी तीच आधी भरतात, आणि वर्षभरात मुदत संपली की कागद फक्त भिंतीवर राहतो.

तुमच्या मालाचं गिऱ्हाईक नक्की कोण आहे? आज एवढंच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पान कोरं राहिलं, तर सध्या सर्टिफिकेटच्या मागं लागू नका.