आजीचा अल्बम टीव्हीवर

दोस्तांनो, आजीच्या अल्बममधले फोटो स्कॅन झाले? शाब्बास! आता ते टीव्हीभर ताणू नका हं. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी, म्हणजे ३:२; टीव्ही मात्र १६:९. पडदा भरायला आडवा फोटो कातरलात, तर उंचीचा जवळजवळ सहावा भाग जातो. मागच्या रांगेतल्या काकाचं डोकंच गायब! त्यापेक्षा कडेला काळ्या पट्ट्या राहू देत. बऱ्याच जुन्या रंगीत फोटोंतला निळसर रंग आधी उडतो, म्हणून सगळे लालबुंद दिसतात. ते सुधारा, पण नक्कल काढून. मूळ फाईलला हात नको. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथली पेन्सिलीतली नावं पुसट होताहेत. आणि ज्यांची नावंच लिहिलेली नाहीत, ते चेहरे याच रविवारी आजीला दाखवा. त्यांना ओळखणारी आता ती एकटीच आहे.