वेशीबाहेर नेतो, मग वाऱ्यावर का सोडतो?
दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं आचरा गाव गावपळणीला निघतं. तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरंही सोबत. मुक्या जिवाला मागे ठेवायचं नाही, ही रीत मला फार मोठी वाटते. म्हणूनच एरवी रस्त्याकडेला गोणपाटात सोडलेली, डोळेही न उघडलेली पिल्लं दिसली की पोटात कालवतं. सोडणारा दुष्ट नसतो. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, नऊ आठवड्यांत विते. पाच-सहा तोंडांना घालायचं काय? नसबंदी हाच उपाय, पण शस्त्रक्रियेचा खर्च आणि वर रिक्षाभाडं हातावर पोट असलेल्याला झेपत नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांवर सोपवलंय, त्यात ग्रामपंचायतीही आल्या. पाळीव जनावराची जबाबदारी मात्र मालकाची. चार गावांनी मिळून पशुवैद्य बोलावला, तर खर्च वाटला जाईल. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडाच, आणि नसबंदीच्या यादीत पहिलं नाव आपल्या घरच्या कुत्रीचं किंवा मनीचं द्या.