भातुकली मोडीत जाण्याआधी

बाहुलीघरातल्या टीचभर खुर्च्या, सोफे आणि आरशांची टेबले मिळवण्यासाठी युरोप-अमेरिकेतले संग्राहक चढाओढीने पैसे मोजतात. १९२५च्या पॅरिस प्रदर्शनानंतर जगभर पसरलेल्या आर्ट डेको शैलीच्या वस्तूंना तर विशेष मान. ही हौस कोणाला हास्यास्पद वाटेल. पण त्या संग्राहकांना एक सोय आहे, जी आपल्याकडे नाही. शिकागोच्या ‘टूट्सीटॉय’च्या ओतीव धातूच्या फर्निचरवर नाव कोरलेले सापडते, लंडनच्या लाइन्स ब्रदर्सची ‘ट्राय-अँग’ बाहुलीघरे जुन्या किंमतपत्रकांवरून ओळखता येतात. वस्तू दहा हात फिरली तरी तिचा जन्म हुडकता येतो. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात एखाद्या घराच्या माळ्यावर भातुकलीतली पितळी कळशी निघाली, तर तिच्यावर असा शिक्का बहुधा नसतो. ती कुठल्या बाजारातून आली, कोणत्या लेकीसाठी घेतली, हे आजीला ठाऊक असते, आणि बहुतेकदा फक्त तिलाच. म्हणून भातुकली आधी लिहून घ्यावी, मग जमवावी. क्रम उलटला तर हाती नुसते पितळ उरते.

रोजच्या वापरातल्या वस्तू जपण्याची दृष्टी आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या जमवून अख्खे संग्रहालय उभे केले. विलास करंदीकरांनी तर भातुकलीचाच मोठा संग्रह करून तो प्रदर्शनांतून लोकांपुढे नेला. पण शहरातल्या कपाटात पोचलेली वस्तू आणि तिचे गाव यांची ताटातूट झालेली असेल तर तिचे निम्मे बोलणे बंद होते. स्टील आल्यावर मोठी पितळी भांडी मोडीत गेली, वजनावर विकली गेली. भातुकलीचे वजन ते किती. कदाचित म्हणूनच ती कुठे कुठे वाचली. घरातला बदल तिच्यात क्रमाने दिसतो: जाते, पाटा-वरवंटा, चूल, मग शेगडी, बंब, स्टोव्ह आणि शेवटी प्लॅस्टिकचे गॅस सिलिंडर. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरले आणि नव्या धर्तीचे घर कसे असावे हे तिथल्या सुखवस्तूंना दाखवले गेले. जुन्नर-आंबेगावची माणसे त्याच मुंबईत पिढ्यानपिढ्या हमाली करत, डबे पोचवत राहिली. शहरातल्या घराचे रूप इकडच्या मुलींच्या खेळात उतरले का, कधी उतरले? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर नोंदीशिवाय मिळणार नाही.

बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी धरायला जाणे अवघड झालेल्या आणि कांद्याच्या भावाकडे डोळे लागलेल्या गावाला हे कशाला सांगता, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. पण इथे दालन बांधा, निधी आणा असे कोणी म्हणत नाही. शाळेतली एक वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: भातुकलीने मुलींना चुलीपुढे बसायला शिकवले, तिचे कौतुक कशाला? कौतुक नकोच. आर्ट डेकोच्या सोफ्यावर बाहुलीला आरामात बसवता येते, आपल्या खेळात मात्र दळण-कांडणच जास्त. हा फरक पुराव्यासह मांडायचा तर त्या वस्तू हाताशी हव्यात. तिसरी अडचण मला सर्वांत खरी वाटते. पितळ ज्यांना परवडले त्यांचीच भातुकली उरली. मातीच्या बोळक्यांची आणि करवंटीच्या भांड्यांची केव्हाच खापरे झाली. नुसता संग्रह केला तर तो सधन घरांपुरताच होईल. वहीत मात्र न उरलेल्या वस्तूही येऊ शकतात, कारण बोळक्यांत रांधलेला चिंचेचा पाला आठवणाऱ्या बायका अजून आहेत.

हे काम जुनी घरे पाडण्याआधी आणि दिवाळीच्या आवराआवरीत माळे उतरवण्याआधी व्हायला हवे, कारण भंगारवाला काही विचारत बसत नाही. वहीत वस्तूची उंची, धातू, डागडुजीच्या खुणा असाव्यात. ‘कोणाची’ या रकान्यात ‘आजीची’ एवढेच लिहून थांबू नये. तिचे माहेरचे नाव लिहावे आणि माहेरचे गावही, कारण भातुकली बहुधा तिथेच खेळली गेलेली असते.