‘शिक्षण चालू आहे’ हे लपवावे का लागते?

औंधच्या शासकीय आयटीआयमधून फिटर, टर्नर, वायरमन किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचा रस्ता साधारण ठरलेला असतो. आधी एखाद्या कारखान्यात ॲप्रेंटिसशिप, मग भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव या पट्ट्यात नोकरीसाठी अर्ज. त्यातली बरीच मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. कोणी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते, कोणी डिप्लोमासाठी धडपडते, कोणी बारावीचे राहिलेले विषय सोडवायला बसते. पण नोकरीचा अर्ज भरताना हीच मुले शिक्षण चालू असल्याचे गाळून टाकतात.

मुलाखतीत पुढे काय विचारले जाणार, हे त्यांना पाठ असते. ‘रेग्युलर की बाहेरून?’ रेग्युलर म्हटले, तर ‘मग कामावर कधी येणार?’ बाहेरून म्हटले, तर ‘परीक्षा आली की दांड्या मारणार.’ आधी लागलेले मित्र सल्ला देतात, विषयच काढू नकोस. मग सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री खोलीवर आलेला मुलगा सकाळी पुस्तक उघडतो आणि परीक्षेच्या आठवड्यात घरी कोणीतरी आजारी असल्याचे सांगून रजा मागतो. चांगल्या कामगाराला खोटे बोलायला लावणारी ही पद्धत पुण्याच्या उद्योगांनी मोडली पाहिजे.

कामासोबत शिक्षण ही कल्पना या शहराला नवी नाही. सरकारी बांधकामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करायला 1854 मध्ये इथे ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले. आजचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ हा त्याचाच विस्तार. त्यानंतर वर्षभरातच, 1855 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ महाराष्ट्रभर रुजवले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाची योजना आजही चालते, मात्र तिचा लाभ महाविद्यालयात नियमित शिकणाऱ्यांना मिळतो. कारखान्यात आठ तास उभा राहणारा मुलगा तिच्या बाहेरच राहतो.

त्याच्यासाठी कागदावर वाटा आहेत. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पण हे वर्ग बहुधा दिवसाचे, म्हणजे नोकरी सोडणे आले. 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. दूरशिक्षणातली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतल्या डिप्लोमा आणि पदवी अभ्यासक्रमांची वाट मोकळी केली. त्यासाठी किमान एक वर्षाचा नोकरीचा अनुभव लागतो. म्हणजे शिकायचे तर आधी नोकरी हवी, आणि नोकरी हवी तर शिकत असल्याचे सांगायची सोय नाही. या पेचात मुले सर्वात हुरूपाची वर्षे घालवतात.

सरकारनेही हा पेच घट्टच केला. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी उत्तीर्णांना महिना 6,000, आयटीआय आणि पदविकाधारकांना 8,000, पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन. पहिल्यांदा कामाचा अनुभव घेणाऱ्यांसाठी योजना मोलाची होती. पण शिक्षण चालू असलेले उमेदवार तिला पात्र नाहीत, अशी अट शासन निर्णयात घातली गेली. दिवसाच्या कॉलेजातल्या मुलाने हजेरी इथे आणि पैसे तिथे, असे करू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र रविवारी संपर्क वर्गाला जाणारा आणि बाकीचे सहा दिवस मशीनवर उभा राहू शकणारा वायरमनही त्याच अटीत अडकतो. दूरशिक्षण आणि सायंकाळच्या वर्गांना एका ओळीची सूट दिली, तरी प्रश्न सुटतो.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. भोसरीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये एक ऑपरेटर आला नाही की एक मशीन बंद पडते आणि माल वेळेवर जात नाही. शिवाय मुलाला शिकवून तयार करायचे आणि डिप्लोमा हातात पडताच त्याने दुसरीकडे जायचे, ही धास्ती असते. पहिल्या अडचणीला उत्तर आहे: परीक्षेचे वेळापत्रक आधी कळते. महिनाभर आधी माहीत असलेली चार दिवसांची गैरहजेरी शिफ्ट बदलून निभावता येते. सकाळी सहाला फोनवर कळलेली निभावत नाही. दुसऱ्या अडचणीचे काय? न शिकणारा मुलगाही हजार रुपये जास्त मिळाले की गेट बदलतो. त्याला थांबवायला पुढची जागा दिसावी लागते. व्हीएमसी मशीन चालवणारा मुलगा ड्रॉइंग, क्वालिटी किंवा हिशेब शिकत असेल, तर उद्याचा सेटर आणि सुपरवायझर घरातच तयार होतो. टाटा मोटर्सने ‘कौशल्य’ उपक्रमात काम करता करता शिकण्याची सोय केली, ती याच विचाराने.

महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्या राज्यात 2015 पासून कामगाराला शिक्षणासाठी वर्षाला पाच दिवस पगारी रजा मिळण्याचा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या आस्थापनांना त्यातून सूट आहे. आपली मुले तिकडे पाठवायची तयारी चालू असेल, तर तिकडची ही रीत इकडे आणायला काय हरकत आहे?

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. त्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशिक्षण संपवलेल्या ॲप्रेंटिसना नोकरीत कसे घेणार, याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने ठरवावे, असे त्यात आले. या धोरणात दोन ओळी वाढवता येतील. शिक्षण चालू आहे म्हणून अर्ज बाजूला टाकणार नाही, आणि वेळापत्रक आधी दिल्यास परीक्षेच्या दिवसांत शिफ्ट बदलून देऊ. मराठा चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या जुन्या संस्थेने अशा धोरणाचा आणि अर्जाचा नमुना तयार करून दिला, तर छोट्या वर्कशॉपवाल्यांनाही तो वापरता येईल.

मुलांनीही अर्ज नीट लिहायला हवा. नुसते ‘आयटीआय फिटर’ एवढे पुरत नाही. कोणत्या मशीनवर हात बसला आहे, मायक्रोमीटर आणि व्हर्निअर वापरता येतात का, ॲप्रेंटिसशिप कुठे आणि किती महिने केली, हे आधी यावे. त्याखाली सरळ लिहावे: बी.कॉम. दुसरे वर्ष, मुक्त विद्यापीठ, संपर्क वर्ग रविवारी, परीक्षा मे महिन्यात, एरवी कोणतीही शिफ्ट चालेल. एवढ्या चार ओळी वाचल्या की मुलाखत घेणाऱ्याची निम्मी शंका फिटते आणि मुलाला काही झाकायचे राहत नाही. आयटीआयमधल्या निदेशकांनी शेवटच्या सत्रात असा एक अर्ज प्रत्येकाकडून लिहून घ्यावा.

राहता राहिला अंतराचा प्रश्न. शासकीय तंत्रनिकेतन गणेशखिंडीला आणि कारखाने चाकणला. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर नाशिक फाट्याची कोंडी ओलांडून वर्गाला पोचेपर्यंत पोराच्या अंगात त्राण उरत नाही. सायंकाळचे डिप्लोमा वर्ग भोसरी-चाकण पट्ट्यातच, तिथल्या शाळा-कॉलेजांच्या संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांत भरवावेत. वर्ग चालवायला संस्था पुढे येतील. शाळांनी जागा आणि कारखान्यांनी तासाभराची सवलत आधी कबूल केली, तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी यादी लावता येईल.