क्रीडांगण : आधी खाली, मग वर

सॉफ्टबॉल हा खेळ आता आपल्या मुलामुलींना अनोळखी राहिलेला नाही. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तो खेळला जातो. पुष्कळ पालकांनी मात्र तो कधी पाहिलेला नसतो. पोरगी घरी येऊन सांगते, "आज माझ्या पायांमधून चेंडू गेला, सगळ्या हसल्या," आणि तिला काय सांगावे ते आईबापांना कळत नाही. आजचा लेख त्या आईबापांसाठी आणि वस्तीत नव्याने संघ बांधणाऱ्या ताई-दादांसाठी आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. चेंडू अडवणाऱ्या संघाच्या ९ मुली मैदानात असतात. समोरच्या संघातील मुलीने बॅटने चेंडू मारला की ती पहिल्या बेसकडे धावत सुटते. हे अंतर ६० फूट. चपळ मुलगी ते तीन सेकंदांच्या आसपास कापते. तेवढ्या वेळात जमिनीवरून येणारा चेंडू, ज्याला 'ग्राउंडर' म्हणतात, अडवायचा, उचलायचा आणि पहिल्या बेसवर फेकायचा. क्रिकेटमध्ये एक गुडघा जमिनीला टेकवून, पायाची भिंत करून चेंडू अडवतात. तेथे सीमारेषेजवळ ते शोभते. सॉफ्टबॉलमध्ये बेसजवळ उभ्या असलेल्या मुलीने गुडघा टेकवला, तर ती उठून फेकेपर्यंत धावणारी बेसवर पोचलेली असते. म्हणून दोन्ही पायांवर राहूनच खाली जावे लागते.

ग्राउंडर सुटतो तो बहुधा हाताखालून. मुलगी सरळ उभी असते, चेंडू येताना दिसतो, मग ती खाली जाऊ लागते, आणि ग्लोव्ह जमिनीला लागण्यापूर्वीच चेंडू निघून जातो. ग्लोव्ह आधीच जमिनीला लागलेला असेल तर चेंडू उसळला तरी हात चटकन वर येतो. ग्लोव्ह वर असेल तर त्याच्याबरोबर सगळे शरीर खाली न्यावे लागते, आणि तेवढी सवड चेंडू देत नाही. सगळे शिक्षण या चार शब्दांत आहे : आधी खाली, मग वर.

खाली म्हणजे कसे?

"खाली वाक" असे नुसते ओरडले की मुले कमरेतून वाकतात. पाय ताठ, डोके लोंबते, जणू विहिरीत डोकावत आहेत. अशाने तोल पुढे जातो आणि नजर चेंडूवरून स्वतःच्या पायांवर येते. वाकायचे ते गुडघ्यांतून. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवावेत, गुडघे वाकवावेत, बूड खाली न्यावे, पाठ साधारण सपाट ठेवावी, आणि शरीराचा भार टाचांवर न ठेवता चवड्यांवर ठेवावा.

उकिडवे बसणे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. गोट्या खेळताना, भांडी घासताना ती सहज बसतात. मात्र पूर्ण उकिडवे बसले की भार टाचांवर जातो आणि डावीकडे-उजवीकडे सरकता येत नाही. हवी ती उकिडव्याच्या थोडी वरची बैठक. कबड्डीत चढाई करणारी आत येते तेव्हा कोपऱ्यातली खेळाडू जशी उभी असते, तशी. खो-खोमध्ये चौकोनात बसलेली मुलगी 'खो' मिळताच उसळून उठते, ती तयारी पायांत हवी. हे खेळ खेळलेल्या मुलींना निम्मे काम आधीच येते. त्यांना तेवढे सांगा, आत्मविश्वास वाढतो.

आता हात. ग्लोव्ह शरीराच्या पुढे, जमिनीला टेकलेला, बोटे खाली, तळवा चेंडूकडे उघडा. दोन पाय आणि ग्लोव्ह मिळून त्रिकोण व्हावा. उजव्या हाताने फेकणारीचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो. तिने डावा पाय किंचित पुढे ठेवावा. मोकळा उजवा हात ग्लोव्हच्या वर, मगरीच्या वरच्या जबड्यासारखा. चेंडू आत आला की तो हात वरून झाकतो, म्हणजे चेंडू निसटत नाही आणि फेकायला लगेच हाताशी येतो. मग दोन्ही हात पोटाशी आणावेत, उजवा पाय टाकून डावा खांदा बेसकडे वळवावा आणि फेकावे. चेंडू ग्लोव्हमध्ये जाताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठू नये. पुष्कळ चेंडू सुटतात ते फेकण्याच्या घाईने अर्धवट उठल्यामुळे.

चेंडू बाजूने येत असेल तर खाली राहूनच सरकावे. उभे राहून धावायचे आणि मग पुन्हा बसायचे, यात वेळ दोनदा जातो. चेंडू फार लांबून जात असेल तर धावावेच लागते, पण तेथे पोचण्याच्या दोन-तीन पावले आधीपासून बूड खाली येऊ लागले पाहिजे.

खरे कारण भीती

मुले खाली जात नाहीत याचे एक कारण मांड्या दमतात हे आहे. दुसरे आणि मोठे कारण भीती. नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून फसू नका. १८८७ साली शिकागो शहरात हा खेळ प्रथम झाला तेव्हा बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला होता. आजचा मोठ्या मुलींचा चेंडू १२ इंच घेराचा आणि १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा असतो. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो मोठाही आहे आणि जडही. आपली मैदाने मुरमाड. खड्यावर आपटून चेंडू तोंडावर येईल या धास्तीने मुलगी उठते आणि मान फिरवते.

या भीतीला भित्रेपणा म्हणू नका. मान फिरवली की चेंडू दिसतच नाही आणि लागायचा तो कानाला, गालाला लागतो, हे शांतपणे समजावून सांगा. डोळे खाली, चेंडूच्या वाटेजवळ असले की उसळी लवकर ओळखू येते. आणि मोठ्यांनी आपले काम करावे : सरावाआधी सर्वांनी मिळून खडे वेचावेत, आणि नवख्या मुलांना पहिले काही आठवडे खरा चेंडू देऊच नये. अमेरिकेत बेसजवळ खेळणाऱ्या पुष्कळ मुली तोंडावर जाळीचा मास्क लावतात. संघाला परवडत असेल तर तो जरूर घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

बिनपैशाचा सराव

टेनिसचा चेंडू घ्या. दहा फुटांवरून हळू सरपटत सोडा, मुलाने ग्लोव्हशिवाय दोन्ही हातांनी उचलावा. हात मोकळे असले की खाली जावेच लागते. हे जमले की अंतर आणि वेग वाढवा. दुसरा सराव दोरीचा. कपडे वाळत घालायची दोरी मुलाच्या छातीइतक्या उंचीवर ताणून बांधा आणि तिच्याखालून, डोके न लागता, बाजूबाजूने सरकायला सांगा. तिसरा मांड्यांचा. तयारीच्या बैठकीत वीस सेकंद थांबायचे, उठायचे, असे पाच वेळा. रोज एवढे केले तरी काही आठवड्यांत फरक दिसेल. गल्लीत भिंत असेल तर एकट्यानेही चेंडू आपटून परत येणारा अडवता येतो.

एका चेंडूची गोष्ट

बेसबॉल हा सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ. त्यात बिल बकनर नावाचा मोठा खेळाडू होता. २५ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेच्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात एक साधा ग्राउंडर त्याच्या पायांमधून गेला. बोस्टनचा त्याचा संघ तो सामना हरला, पुढचा निर्णायक सामनाही हरला. त्याचे घोटे तेव्हा दुखावलेले होते. त्या डावात त्याआधीच दुसऱ्यांच्या हातून आघाडी गेली होती. तरी लोकांनी दोष त्यालाच दिला. २,७१५ हिट्स मारणाऱ्या माणसाची ओळख एका चेंडूवर आली. २००८ साली बोस्टनच्या प्रेक्षकांनी त्याला मैदानात बोलावून उभे राहून टाळ्या वाजवल्या, तोवर बावीस वर्षे गेली होती.

आपल्या बारा वर्षांच्या पोरीकडे बावीस वर्षे नाहीत. दोन-चार वेळा हसे झाले की ती ग्लोव्ह ठेवून देते आणि पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. म्हणून संघाचा एक नियम करा. चेंडू सुटला म्हणून कोणी कोणाला बोलायचे नाही. मुलगी उभी राहिली तर मात्र लगेच सांगायचे. आणि ती खाली होती, नजर चेंडूवर होती, तरी चेंडू खड्याने उडून गेला, तर तिला शाबासकी द्यायची. घरी आल्यावर "किती चेंडू सुटले?" असे विचारू नका. "आज खाली राहिलीस का?" एवढेच विचारा.