स्थानबद्ध

आपल्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक ठराविक बातमी येते. अमुक गावचा सराईत गुंड ‘एम.पी.डी.ए.’ कायद्याखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात रवानगी. घोटीच्या स्टँडवर चहा पिताना कोणीतरी ती मोठ्याने वाचतो, ‘बरं झालं, पीडा गेली’ असे दुसरा म्हणतो आणि पान उलटले जाते. मीही तसेच म्हणत असे. परंतु त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते, हे ध्यानात यायला मला फार वेळ लागला. कोणत्या न्यायालयाने ही शिक्षा दिली, हे त्यात नसते. नसते, कारण ही शिक्षाच नाही. तिच्या मागे खटला नाही. जिल्हाधिकाऱ्याचा किंवा पोलीस आयुक्ताचा एक आदेश आहे आणि त्यापुढे जास्तीत जास्त बारा महिने आहेत. मनुष्याने काय केले यासाठी ही कैद नसून, तो पुढे काय करील या भीतीपोटी ती आहे.

हे ध्यानात आले ते पॅलेस्टाईनमुळे. तिथल्या वेस्ट बँकेत इस्रायली लष्करी अधिकारी सहा महिन्यांपर्यंतचा आदेश काढतो. सहा महिने संपले की तो पुन्हा काढता येतो, आणि पुन्हा. किती वेळा, याला मर्यादा नाही. पुरावा गुप्त, कैद्याला नाही, त्याच्या वकिलालाही नाही. ऑक्टोबर २०२३ पूर्वी असे कैदी बाराशेच्या वर होते, त्यानंतर काही महिन्यांतच ते तीन हजारांच्या वर गेले. खादर अदनान नावाचा मनुष्य २०११-१२ च्या हिवाळ्यात याविरुद्ध सहासष्ट दिवस उपाशी राहिला.

हे वाचून संताप येतो. यावा हेही बरोबर. पण या कायद्याचे मूळ इस्रायलचे नाही, ब्रिटिशांचे आहे. १९४५ साली पॅलेस्टाईनवर राज्य करताना त्यांनी संरक्षण नियमावली लादली आणि तिच्याखाली ज्यू तरुणांनाही डांबले. १९४६ मध्ये ज्यू वकिलांनीच तिचा कडक निषेध केला होता. दोन वर्षांत त्यांचे राज्य आले. नियमावली राहिली.

इथे माझा संताप जरा अडखळतो. कारण हीच गोष्ट आपली आहे.

मुंबई इलाख्यात १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव आपण शाळेत आदराने शिकतो, त्याच्याच कायदेसंग्रहातले ते. सत्तर वर्षांनी, जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला आणि सरकार बिथरले. जुलैत टिळकांना पकडले, खटला भरला, दीड वर्षाची सजा दिली. तो खटला न्याय्य होता असे मी म्हणत नाही. पण खटला होता. ज्युरीसमोर बोलता आले, मराठी शब्दांच्या अर्थावर भांडता आले. त्याच महिन्यात पुण्याचे सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या बंधूंना या रेग्युलेशनखाली उचलले. आरोप कोणता, ते सांगितलेच नाही. मालमत्ता सरकारच्या ताब्यात गेली आणि सुटका व्हायला १८९९ उजाडले. टिळकांचे नाव आपण सर्वांनी पाठ केले. नातूंचे किती जणांना ठाऊक आहे? ज्याच्यावर आरोपच नाही त्याला बचावाचे भाषण कुठून असणार, आणि इतिहासाने तरी त्याचे काय लक्षात ठेवावे?

१९४२ मध्ये काँग्रेसची बहुतेक सारी कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडली गेली. नेहरू, पटेल, आझाद. खटला कोणावरही नाही. किल्ल्यातून बाहेर पडलेल्या त्याच पटेलांनी फेब्रुवारी १९५० मध्ये, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन महिना झाला असता, प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक संसदेत मांडले. त्यापायी झोप लागली नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. ती अस्वस्थता खोटी होती असे मला वाटत नाही. परंतु कायदा झाला. घटनेच्या बाविसाव्या कलमात त्याला जागा आधीच करून ठेवलेली होती.

पुढे १९७१ चा ‘मिसा’ आला आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी. त्या काळात देशभर सुमारे पस्तीस हजार माणसे मिसाखाली आत होती. येरवडा आणि आपला नाशिक रोडचा तुरुंग त्यांनी भरला होता. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की आणीबाणीत अशा कैद्याला न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध गेले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. तो निकाल रद्दबातल व्हायला २०१७ उजाडले, आणि रद्द करणाऱ्या नऊ न्यायाधीशांत यशवंतरावांचे चिरंजीव होते.

आपल्या राज्याने २०१८ साली मिसाबंदींना मानधन सुरू केले, २०२० मध्ये ते बंद केले, २०२२ मध्ये पुन्हा चालू केले. विनाचौकशी तुरुंगात टाकणे हा अन्याय होता, अशी ही सरकारी कबुलीच की! त्याच सरकारच्या १९८१ च्या एम.पी.डी.ए. कायद्याची व्याप्ती मात्र वाढत गेली आहे. सुरुवातीला झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थवाले. पुढे ‘धोकादायक व्यक्ती’, मग चित्रफितींचे चोर, २०१५ मध्ये वाळूतस्कर.

यावर आमचे एक प्राध्यापक म्हणाले, ‘अरे, नातू कुठे आणि हातभट्टीवाला कुठे!’ त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. दादाविरुद्ध साक्ष द्यायला गावात कोणी उभे राहत नाही, हे आपण सर्व जाणतो. आपल्याकडचा कायदा पॅलेस्टाईनइतका बेबंदही नाही. आदेशाची कारणे पाच दिवसांत द्यावी लागतात, सल्लागार मंडळ असते, उच्च न्यायालय आदेश रद्दही करते. परंतु त्या मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क स्थानबद्धाला नाही. आणि ज्यांच्या जबाबावर आदेश निघतो ते साक्षीदार बहुधा ‘अ’ आणि ‘ब’ असतात. नाव नाही, उलटतपासणी नाही. खरोखरीचा दादा यात सापडतो, तसाच फौजदाराशी वाकडे असलेला एखादा पोरही सापडू शकतो. आणि त्या दोघांना वेगळे काढण्याची जी एकच रीत आपल्याला ठाऊक आहे, ती म्हणजे खटला. साक्षीदार घाबरत असेल तर त्याला संरक्षण द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षणाची योजना मान्य केलेली आहे. ते काम खर्चाचे आणि कटकटीचे आहे. आदेश एका सहीचा आहे.

मिसात तुरुंग भोगून आलेल्यांनी १९७८ मध्ये ४४वी घटनादुरुस्ती केली. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला अडकवून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणावी, आणि मंडळावर न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीशच असावेत, असे त्यात आहे. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींची सही झाली. हा भाग अमलात येण्यासाठी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढायची होती. त्यानंतर सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. त्यांत आणीबाणीत तुरुंगात गेलेले मंत्रीही होते. ती अधिसूचना अजून निघालेली नाही.